पाण्याची नळी

पीसीआरच्या यंत्रात शेवटची नळी नेहमी पाण्याची. बाकीच्या नळ्यांत रुग्णांच्या रक्तातून काढलेला डीएनए, हिच्यात नुसतं शुद्ध पाणी. पडद्यावर प्रत्येक नळीच्या दोन रेघा उमटत. निळी चढली की नळीत माणसाचं रक्त आहे. लाल चढली की त्या रक्तात मलेरिया आहे. पाण्याच्या दोन्ही रेघा सपाटच हव्यात. एक जरी हलली, तरी सगळी फेरी रद्द.

प्रयोगशाळेत नोकरीला लागली तेव्हा हे तिला ताईंनी शिकवलं होतं. ताई म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. "मशीन काय, काहीही सांगेल. आधी पाण्याला विचार," त्या म्हणायच्या. पाणी बिघडलं की त्या जुन्या नमुन्याला हात लावत नसत. पुन्हा सुई टोचून ताजं रक्त मागवत. रुग्ण करवादायचे. ताई हसून ऐकून घ्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी ताईंनाच ताप आला. चाचणी निगेटिव्ह निघाली. "परत घे गं रक्त. मला काही ठीक वाटत नाहीये," त्या म्हणाल्या. ती एप्रन काढून निघायच्या बेतात होती. "उद्या सकाळी पहिलं तुमचंच, ताई."

सकाळी ताई शुद्धीवर नव्हत्या. मलेरियाच होता. दोन दिवसांत गेल्या.

आज चौथी नळी तिच्या लेकीची होती. आठ वर्षांची पोर चार दिवस तापाने फणफणत होती. आता खालच्या मजल्यावर वॉर्डात होती. काचपट्टीवर रक्त तपासून काही सापडलं नव्हतं.

अकरा वाजता फेरी संपली. चौथ्या नळीची निळी रेघ चढलेली, लाल सपाट. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि शेवटच्या नळीकडे पाहिलं.

पाण्याची निळी रेघ चढली होती.

"तुझाच हात लागला असणार. लक्ष कुठं आहे तुझं?" प्रयोगशाळेचे डॉक्टर म्हणाले. "पोरीचं निगेटिव्ह आहे ना? मग ने घरी."

"फेरी रद्द आहे, सर."

तिने हातमोजे बदलले, टेबल पुसलं, पाण्याची नवी बाटली फोडली. तेच नमुने पुन्हा लावले. या वेळी पाण्याची निळी रेघ आधीपेक्षा लवकर चढली. घाई असल्यासारखी.



ती जिना उतरून वॉर्डात गेली. लेकीने हात पांघरुणात लपवला. "झालंय ना एकदा!"

"अजून एकदाच, पिल्लू."

"कोण म्हणतं?"

"ताई," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग त्यांना सांग, हे शेवटचं."

ताज्या रक्ताची लाल रेघ बराच वेळ पडून राहिली. मग अगदी शेवटी, नाखुशीने, वर सरकली. पाणी सपाट होतं.

चार वाजता औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी लेकीने जेवायला मागितलं आणि मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं.

त्या दुपारी रद्द फेऱ्यांची नोंद करताना तिच्या लक्षात आलं, पाण्याची लाल रेघ आपण पाहिलीच नव्हती. तिने दोन्ही आलेख उघडले.

लाल रेघ शेवटपर्यंत सपाट होती. दोन्ही वेळा.

तिचे डोळे भरून आले. ताईंची दुसरी चाचणी तेव्हा राहूनच गेली होती. मग नोंदवहीत पाण्याच्या नळीसमोर, जिथे निकाल लिहायचाच नसतो, तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: माणसाचं रक्त. मलेरिया नाही.