झाडलोटीच्या नोंदी

मानिसालेस गावच्या रक्तपेढीत मी नुकतीच लागले होते. जिन्याच्या वळणावर एक भिजलेला तरुण मला धडकता धडकता राहिला.

"कॉम्प्युटरवाल्या बाई तुम्हीच ना?"

"यामिले नाव आहे माझं."

"मी एदिल्बेर्तो, खाली रक्त घेतो, साठा सांभाळतो. तुमचा डेटाबेस झोपलाय… आणि बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवंय!"

त्या सकाळी आम्ही दोघांनी फ्रीजमधली पिशवी न् पिशवी हातानं चाळली. बाळंतीण वाचली. पण रक्तपेढीचे साहेब भडकले. डेटाबेस आतल्या मेलेल्या, म्हणजे निकामी झालेल्या नोंदी आपोआप झाडून काढतो. साहेबांच्या मते तीच झाडलोट सगळं अडवत होती.

"बंद करा ती!"

बंद केली असती तर कचरा साचून सगळंच ठप्प झालं असतं. पण पुरावा? डेटाबेसला फक्त शेवटची झाडलोट आठवते, आधीचं सगळं तो विसरतो. मी तीन आठवडे मागून घेतले. डेटाबेसमधला कोणता तक्ता कधी झाडला, किती वेळ लागला, काम पुरं झालं की अर्धवट सुटलं… दर वेळची नोंद वेगळी जपायला लागले. एदिल्बेर्तो खाली कॉम्प्युटरचा पडदा अडकल्याच्या वेळा टिपायचा आणि रोज सकाळी दोन कप काळी कॉफी घेऊन वर यायचा.

"दहा वाजून दहा मिनिटांनी अडकला."

"दहा-दहाला माझ्याकडे काहीच नाही."

"म्हणजे माझं घड्याळ खोटं बोलतं?"

"घड्याळ नाही. घड्याळाचा मालक."

तो हसला. "मालक एकदाच खोटं बोललाय. ही कॉफी मशीनची म्हणालो होतो, ती मशीनची नाही. चौकातून आणतो मी… पावसातून."

मी पडद्याकडे बघत राहिले. एक अक्षर वाचलं असेल तर शपथ!

तिसऱ्या गुरुवारी उलगडा झाला. रक्तपिशव्यांच्या तक्त्याची झाडलोट दर गुरुवारी सुरू व्हायची आणि मध्येच सुटायची, कारण नेमका तेव्हाच साहेबांचा साप्ताहिक अहवाल तो तक्ता अडवून बसायचा. कचरा तसाच साचत राहायचा आणि पडदा अडकायचा. साहेबांनी नोंदी दोनदा वाचल्या, घसा खाकरला आणि अहवाल रविवारवर ढकलला. झाडलोट बचावली.

पडदा अडकायचा थांबला. एदिल्बेर्तोही यायचा थांबला.

एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस… काम चांगलं केल्याचा इतका पश्चात्ताप मला कधी झाला नव्हता.

दहाव्या दिवशी मीच खाली गेले. "रक्त द्यायचंय."

त्यानं माझ्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. "घाबरताय?"

"हो."

"सुईला?"

"नाही."

त्याची बोटं माझ्या मनगटावर तशीच थांबली. मग त्यानं सुई खाली ठेवली आणि पलीकडच्या नर्सला हाक मारली, "रोस्मीराताई, यांचं तुम्ही घ्या. माझा हात थरथरतोय."

"सहा वर्षांत कधी थरथरला नाही तो!" रोस्मीराताई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

रक्त देऊन झाल्यावर तो पेरूची वडी घेऊन माझ्याशेजारी बसला. "वर यायला काही कारणच उरलं नव्हतं हो…"

"कारण लागतं का तुम्हाला?"

त्यानं मान हलवली. नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. आमच्या गावात नवराबायकोही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतात. एदिल्बेर्तो आणि मीही अजून तसंच म्हणतो.