दोघांत एक खोगीर

त्या पट्ट्यांवर माझा हात पडला तेव्हा दुसऱ्या टोकाला आधीच कुणाचा तरी हात होता.

रिकिबीच्या पट्ट्यांची जोडी होती ती. खोगिराला दोन्हीकडे पाय ठेवायच्या रिकिबी ज्यावर लोंबतात, ते पट्टे. काळे, मऊ, नव्या चामड्याच्या वासाचे. घोड्याच्या सामानाचं ते दुकान एवढंसं; ड्रेसाजच्या खोगिराचे पट्टे तिथे असून असणार किती? एकच जोडी उरली होती, आणि तिच्यासाठी मी जेवणाची सुट्टी उपाशी घालवून, पावसात भिजत आले होते.

"मी आधी धरलेत," मी म्हटलं. ते खरं नव्हतं.

"माझ्या हाताचं मत वेगळं आहे," तो म्हणाला. पण हसत म्हणाला... आणि हात काही काढला नाही.

मान वर करून बघावं लागलं. इतका उंच, की छताला टांगलेल्या लगामांच्या गर्दीत तो डोकं तिरकं करून उभा होता. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे माणूस दिसला की आधी डोळ्यांकडेच लक्ष जातं. तपकिरी डोळे. जागरणाने दमलेले, तरी मिश्कील. धंद्याची सवय म्हणून पाहिलं, दुसरं काही नाही, असं मी नंतर ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी एकत्र राहतो आणि माझी असली स्पष्टीकरणं तिला कधीच पटत नाहीत.

दुकानदारबाईंनी तोडगा काढला. दुकानाच्या मधोमध एक लाकडी घोडा होता, वर खोगीर चढवलेलं. दोघांनी बसून बघा, म्हणाल्या, ज्याला जास्त मानवतील त्याने न्यावेत.

ड्रेसाज म्हणजे घोड्याला संथ, मोजून-मापून पावलं टाकायला लावायचा प्रकार. त्यात पाय लांब सोडून घोड्याच्या अंगाशी चिकटवून बसायचं असतं. साध्या पट्ट्याचं बक्कल येतं नेमकं मांडीखाली, आणि मग बुटात खडा गेल्यासारखी गत होते. माझ्या मांडीवर त्या जागी निळा डाग कायमचा मुक्कामाला होता. या जोडीचं बक्कल मात्र खाली, रिकिबीजवळ होतं. मांडीखाली एकेरी, सपाट चामडं, आणि ते ताणलं जाऊ नये म्हणून आत मजबूत पट्टी शिवलेली.

तो बसला, तर शेवटच्या भोकावर पट्टे त्याला बरोबर झाले. मी बसले, तर पहिल्या भोकावर मलाही बरोबर झाले. म्हणजे घोडं तिथेच पेंड खात राहिलं.

मग त्याने विचारलं, एवढी निकड कशासाठी? आणि मी, जिला अनोळखी माणसाला वेळ विचारायलाही संकोच वाटतो, ती मी धडाधड बोलत सुटले. घोडी माझी नाही, पागेवाल्या काकूंची, हे सांगितलं. काकूंनी आयुष्यभर लोकांना घोड्यावर बसायला शिकवलं. आता कंबर साथ देत नाही, म्हणून त्यांनी घोडी दोघांना वाटून दिली आहे. एक दिवस माझा, एक दिवस त्या दुसऱ्याचा. त्या दुसऱ्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण खोगीर एकच. दर खेपेला जावं तर पट्टे तळापर्यंत सोडलेले. वर ओढता ओढता बोटं सोलवटतात. वर त्या माणसाने स्वतःच्या सोयीसाठी वाकडीतिकडी भोकंही पाडून ठेवली आहेत.

"कसा असेल तो?" त्याने विचारलं.

"पोट सुटलेला. पिळदार मिशांचा. खोगिरात पोत्यासारखा बसणारा."

"मिशा कशावरून?"

"असणारच."

त्याला हसू आवरेना. मी खरं दुखणं सांगितलं तेव्हा मात्र हसू थांबलं. हल्ली घोडी दुखावलेली आहे. कुणी वर चढायला लागलं की पाठ खाली घेते. पूर्वी पोटाखालचा तंग आवळताना मान वळवून माझ्या केसांत फुंकर मारायची, तेही तिने सोडून दिलं आहे. हे सगळं त्या पोत्याचंच काम, अशी माझी खात्री होती आणि ती मी बोलूनही दाखवली.

मग त्याने पट्टे माझ्या हातात ठेवले. तुम्हीच न्या, म्हणाला, घोडीला सुख मिळाल्याशी कारण. जाता जाता एवढंच कळलं की तो इस्पितळात भूल देणारा डॉक्टर आहे. मला वाटलं, काय दिलदार माणूस. लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईला समोर काय आहे ते दिसलं नाही!

"भूल देणारा?" ताई म्हणाली. "सांभाळ. शुद्ध कधी हरपली ते असली माणसं कळू देत नाहीत."

*

नवे पट्टे लावले आणि मांडीने सुटकेचा श्वास टाकला. ना बक्कल, ना डाग. पाय कसा सैल, लांब सुटला. पण दुसरंच काहीतरी खटकत होतं. आपण एका बाजूला कलून बसलोय असं सारखं वाटत होतं. सरळ व्हायला जावं तर उलट अधिकच वाकडं वाटे. आणि घोडी? तिने कान मागे पाडले, डावीकडे वळायचं म्हटल्यावर जागच्या जागी थांबली, आणि काही केल्या हलेना.

काकूंनी कुंपणापाशी उभ्या उभ्या मला खाली उतरायला सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे बोलल्या. रविवारी घोड्यांचा डॉक्टर येणार आहे, दोघांनीही या. मणक्याचं दुखणं निघालं तर तिच्या पाठीवर पुन्हा कुणी बसणार नाही. दूरच्या एका कुरणात तिला सोडून यायचं. मणक्याचं नसेल, तर चूक तुम्हा दोघांपैकी कुणाची ते मला कळायला हवं.

रविवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. चूक त्या दुसऱ्याची निघू दे, असं वाटायचं, आणि वाटलं की स्वतःचीच लाज वाटायची. घोडीची पाठ दुखतेय आणि मी आपली निकालाची वाट बघतेय...

रविवारी सकाळी पागेत शिरले. घोडीच्या मानेशी कुणीतरी उंच उभं होतं. तिने त्याच्या कोटात तोंड खुपसलं होतं आणि तो तिच्या कानामागे खाजवत होता.

दुकानातला तोच!

त्याने वळून पाहिलं. "मिशा काढल्या," तो हळूच म्हणाला. "तुमच्या भीतीने."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण पागेत नुसता भुसा होता. दुकानातच ओळखलं होतंत ना, असं मी विचारलं. हो म्हणाला, काकूंचं नाव काढलंत तेव्हाच. आणि ती केसांतली फुंकर... माझ्याही मारायची.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणार होतो. पण माझ्याबद्दल आजवर कुणी इतकं मनापासून बोललं नव्हतं."

चिडायचं होतं, पण तेवढ्यात घोड्यांचे डॉक्टर आले आणि चिडायचं राहूनच गेलं. त्यांनी दोन्ही अंगठे घोडीच्या पाठीवर टेकवले आणि इंच इंच दाबत निघाले. मानेच्या मागे, डावीकडे, एका जागी तिची कातडी थरथरली. काकूंनी डोळे मिटले. माझ्या शेजारी तो उभा होता. ऑपरेशनच्या टेबलाशी रोज शांतपणे उभा राहणारा माणूस, पण त्याने माझी बाही घट्ट धरली होती, आणि ते त्याच्या ध्यानीही नव्हतं. मीही सोडवली नाही.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं, तिला चालवून पाहिलं. मग म्हणाले, मणके ठणठणीत आहेत. स्नायू दुखावलेत, खोगीर सतत एका बाजूला ओढलं जातंय. वाकडं कोण बसतं?

आणि मग माझ्याच डोक्यात काहीतरी हललं. आमच्या दुकानात येतात ना अशी माणसं, वर्षानुवर्षं चुकीच्या नंबरचा चष्मा लावलेली. बरोबर नंबर दिला की त्यांनाच गरगरतं, आणि म्हणतात नवा चष्मा बिघडलेला आहे. नवे पट्टे सारखे होते. वाकडी मी होते... जुन्या पट्ट्यांनी केलेली.

मी तसं म्हणाले. त्याने आत जाऊन जुने पट्टे आणले आणि दोन्ही एकाच खिळ्याला अडकवून सोडले. डावा उजव्यापेक्षा अंगठाभर खाली आला होता.

सगळं लख्ख दिसलं. आम्ही दोघंही डावीकडून चढायचो. मी बुटकी, म्हणून फांदीला लोंबकळल्यासारखी त्या पट्ट्याला लोंबकळायची; तो वजनाने भारी, एका झटक्यात वर जायचा. जुन्या पट्ट्यांच्या आत काही शिवलेलं नव्हतं. डावा हळूहळू ताणला गेला. अधूनमधून पट्ट्यांची बाजू बदलून डाव्याचा उजवा करावा लागतो, हे दोघांनाही शिकवलेलं होतं. दुसरा करत असेल, असं दोघांनीही धरून चाललं होतं.

तो म्हणाला, चूक माझी, वजन माझं. मी म्हटलं, छे, लोंबकळायची मी. घोडीच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही चुकीवरून भांडत होतो, आणि प्रत्येकाला ती स्वतःकडेच हवी होती.

"माझी घोडी मी दोन गाढवांच्या हवाली केली," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत हसायला लागल्या. तेव्हा कुठे मला कळलं की मीही रडतेय. तो तर उलट्या बादलीवर मटकन बसलाच होता.

*

डॉक्टरांनी खोगिराला सुट्टी दिली. घोडीला रोज नुसतं हाताने फिरवायचं, पाठ शेकायची. दिवस वाटून घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. सकाळी मी जायची, तर तो आधीच आलेला असायचा. रात्रपाळी करून, तारवटलेल्या डोळ्यांनी. ती मध्ये, आम्ही दोन बाजूंना. पायवाटेवर ओली खडी करकरायची, पत्र्यावरून पागोळ्या गळायच्या, आणि बोलणं घोडीच्या मानेखालून पलीकडे जायचं. तिच्या अंगावरून हात फिरवताना एकदा बोटं एकमेकांना लागली. दोघांनीही सॉरी म्हटलं... आणि हात तिथेच राहिले.

एके दिवशी तो माझ्या दुकानात आला. अंधुक दिसतं म्हणाला. खुर्चीत बसवून तपासलं, तर पठ्ठ्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली. तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"नजर उत्तम आहे," मी म्हटलं. "तक्रार नक्की काय आहे?"

"जवळचं माणूस समोर असलं की मला पुढचं काही दिसत नाही."

"ते माझ्या खात्यात येत नाही."

"मला वाटलं, तुमच्याच खात्यातलं आहे."

मी दिवा लावला. तोवर खोलीत अंधार होता हे बरंच झालं होतं, कारण माझे कान तापले होते. त्या संध्याकाळी ताईने मला दोनदा हाक मारली म्हणे. मी ऐकली नाही.

आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, घोडी बरी आहे. उद्यापासून बसा.

केवढा जीव भांड्यात पडला! काकूंनी घोडीच्या कपाळाचा मुका घेतला. तो हसला, मीही हसले. पण दोघांचंही हसू लवकर संपलं. घोडी बरी झाली म्हणजे पुन्हा एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. पागेत त्याचे ओले बूट दिसणार, तो दिसणार नाही. पट्टे तळाशी सोडलेले सापडणार, आणि आता त्याचा रागही यायचा नाही.

पहिल्यांदा मी बसावं असं काकूंनी ठरवलं, मी हलकी म्हणून. सकाळी खोगीर चढवलं, तंग आवळला. तो आला होता. घोडीच्या उजवीकडे गेला आणि तिकडचा पट्टा धरून त्याने त्यावर आपला भार दिला. मी डावीकडून चढताना खोगीर ओढलं जाऊ नये म्हणून. पलीकडे मला त्याचे केस आणि कपाळ तेवढं दिसत होतं. मी रिकिबीत पाय घातला.

"थांबा," तो म्हणाला. "तुम्ही वर गेलात, तोंड दिसलं, की मला बोलता येणार नाही."

मी तशीच थांबले, एक पाय वर, एक जमिनीवर.

"मी रोज लोकांशी बोलतो. झोप लागेपर्यंत. उठल्यावर त्यांना काही आठवत नाही, म्हणून मी वाटेल ते बोलतो. आज तसं नाही. हे तुमच्या लक्षात राहायला हवंय."

"बोला."

"तुमच्या दिवशीही मी येऊ का? बसायला नाही. हा पट्टा धरायला."

"एवढंच?"

घोडीने शेपटी झटकली.

"नाही," तो म्हणाला. "एवढंच नाही. ही बरी झाल्याचं ऐकलं आणि मला आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मला तुम्ही रोज हव्या आहात."

मी अंग उचललं आणि वर गेले, हलकेच. घोडीची पाठ खाली गेली नाही. ती उभी राहिली, सरळ, कान पुढे करून. दोन्ही पाय सारखे टेकले, खोगीर मधोमध राहिलं.

खाली पाहिलं. त्याच्याकडे मान वाकवून बघायची मला सवयच नव्हती. पट्टा धरलेला हात, वर उचललेला चेहरा, आणि ते तपकिरी डोळे. या वेळी मिश्कील नव्हते, घाबरलेले होते.

"ये," मी म्हटलं.

त्याला कळायला एक क्षण लागला. "या... नाही?"

"नाही. ये. रोज ये."

कुंपणापासून काकूंचा आवाज आला, घोडी चालवायची आहे की नुसतंच बसून राहायचं आहे, असं विचारत होत्या. मी हलकेच टाच लावली. घोडी निघाली. तो पट्टा सोडायला विसरला, आणि तसाच बाजूने चालत राहिला.