एकटीची परीक्षा

सव्वापाच वाजले तरी सृष्टीचा पत्ता नव्हता, आणि गुरुग्रामच्या त्या चौदाव्या मजल्यावर सुनयनाताई पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होत्या... सोळा वर्षांची नात, मोबाईल घरी ठेवलेला, हातात फक्त गाझियाबादचा एक पत्ता. आणि हे खूळ कोणाचं, तर आजीचंच!

आधी दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत बाई, मग सरकारी कचेरी, मग छावणीत जवानांच्या बायकांचे शिवणवर्ग, आणि या सगळ्याच्या जोडीला संध्याकाळचं मुलींचं केंद्र. चाळीस वर्षं ताईंनी लोकांच्या लेकरांना पायांवर उभं केलं. केंद्रातल्या प्रत्येक मुलीची शेवटची परीक्षा एकच: फोनविना, एकटीने, अनोळखी पत्त्यावर जाऊन परत यायचं. मुलींना ठाऊक नसायचं ते एवढंच, की डोक्यावरून पदर घेतलेल्या ताई चार पावलं मागे असत. पण यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि नातीने तर हट्टच धरला...

"तिला काही झालं ना आई, तर मी तुझं तोंड बघणार नाही," एवढं बोलून त्यांची लेक उल्का सकाळी ऑफिसला गेली होती. दुपारपासून तिचाही फोन लागेना. लिफ्ट वाजली की ताई वॉकर धरून दारापर्यंत जात, आणि शेजारची माणसं बघून परतत. देवा, माझे उरलेले दिवस घे, पण पोर सुखरूप घरी येऊ दे...

सहाला बेल वाजली. दारात घामेजलेली सृष्टी!

"सॉरी आजी, गाझियाबादला वैशाली स्टेशनला जाणाऱ्या मेट्रोऐवजी नोएडाच्या मेट्रोत बसले, यार. मग विचारत विचारत गेले."

ताईंनी तिला कवटाळलं.

ती आंघोळीला गेली तोच उल्का आली. चपला धुळीने माखलेल्या, चेहरा उतरलेला. ती मटकन खाली बसली.

"ऑफिसला गेलेच नाही मी. तू जायचीस ना, तशीच दिवसभर तिच्या मागे होते. चुकीच्या गाडीत चढली तेव्हा हाक मारावीशी वाटली, आई... ओठ चावून उभी राहिले. किती मुलींसाठी केलंस तू हे?"

"चारशे तरी असतील."

उल्काचे डोळे भरून आले. "मी चौथीत होते. पहाडगंजहून बसने एकटी घरी यायचे, कुलूप उघडायचे. वाटायचं, आई मागे कुठेतरी असेल, लपून."

हो म्हणणं किती सोपं होतं! लेकीचं मन राहिलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आज ताईंना स्वतःच्या घरात दिसला.

"नव्हते ग," त्या म्हणाल्या. "एकदाही नव्हते. लोकांच्या पोरींसाठी जीव घाबरा व्हायचा, आणि तू माझी, म्हणून तुला गृहीत धरलं... चुकलं माझं."

उल्का ओक्साबोक्शी रडली. मग आईच्या धड गुडघ्यावर तिने अलगद डोकं ठेवलं.

"बरं झालं खरं बोललीस," ती म्हणाली. "मी रोज मागे वळून बघायचे."