लाल त्रेचाळीस

मेलेला माणूस पाच आठवडे रोज सकाळी कामावर येत होता. रक्तपेढीच्या संगणकातली यादी तेच सांगत होती. वेळ साडेआठ, काम करणारे मोठे साहेब.

"सुरक्षेचे अपडेट आपोआप होतात," तंत्रज्ञ बाई म्हणाली. "साहेबांनीच तसं लावून ठेवलंय. त्यांच्या नावाने उघडलेलं खातं बंद करायला माझा हात धजला नाही. बाकीच्या अपडेटना मात्र त्यांची सक्त मनाई होती. रक्ताच्या फ्रिजची धोक्याची घंटा जुन्या प्रोग्रामवर चालते, नवं काही आलं की मुकी होते."

सोमवारी ती मुकी झालीच. फ्रिज बंद पडल्याचं कोणाला कळलं नाही, चाळीस पिशव्या रक्त नासलं आणि खापर बाईवर फुटलं. आज संध्याकाळी तिची नोकरी जाणार होती.

गुप्तहेर दाजी यादी वाचत होते. "सोमवारी नाव दोनदा आहे. साडेआठला सुरक्षेचे अपडेट आणि सव्वानऊला सगळेच."

त्यांचा मेहुणा दाराकडे सरकला. साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे त्याला पाहवत नव्हतं. "दाजी, साहेबच असतील हो."

"अगंबाई, पडद्याच्या कोपऱ्यातला लाल आकडा कुठे गेला?" बाई दचकली. "न घेतलेले त्रेचाळीस अपडेट तिथे कायम दिसायचे. सोमवारी दहाला मी आले तर पडदा काळा, घंटा मुकी. घाबरून प्लग काढला, खोलीला कुलूप लावलं. आज तुमच्यासमोरच उघडतेय."

शिपायाने बाहेरूनच हात जोडले. "त्या खोलीत मी पाय ठेवत नाही. झाडूसुद्धा उंबऱ्यापर्यंतच."

पलीकडच्या खोलीत व्यवस्थापकांचं टेबल लख्ख होतं. बोलता बोलता त्यांनी मेहुण्याची खुर्चीही सरळ केली.

"साहेब गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नाही. पण भुताचं काम चोख हं! वर्षानुवर्षांचा तो लाल आकडा एकदाचा गेला."

मेहुण्याने मान डोलावली. दाजींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"साडेआठचं काम यंत्राचं. साहेबांची आज्ञा ते अजून पाळतंय. सव्वानऊचं माणसाचं. त्या खुर्चीत कोणीही बसलं तरी नाव साहेबांचंच पडणार. आकडा गेल्याचं आम्ही तिघांनी आत्ता पाहिलं. त्याआधी पडदा काळा, मग खोली बंद. तिकडे न फिरकलेल्या माणसाला ते कसं कळलं?"

व्यवस्थापक खाली बसले. "तो आकडा मला डागासारखा खुपायचा. म्हणून एक बटण दाबलं. घंटेचं मला ठाऊक नव्हतं."

"आणि कळल्यावर हिची नोकरी घालवत होतात?" मेहुणा ओरडला. स्वतःच्याच आवाजाने तो दचकला.

व्यवस्थापकांनी बडतर्फीचं पत्र फाडलं. बाई जाऊन साहेबांच्या खुर्चीत बसली, त्यांचं नाव बंद केलं, स्वतःचं घातलं. मग पाच आठवड्यांत पहिल्यांदाच ती रडली.