सवयींची वही

टण्.

दुपारचे पावणेतीन वाजले होते. केतकीचा नुकताच डोळा लागला होता आणि शेजारचा रेडिओही गप्प झाला होता. तेवढ्यात आतल्या खोलीत वाटीवर चमचा वाजला. क्षमा तांदळाचं ताट मांडीवर तसंच ठेवून मोजायला लागली. एकदा वाजला तर पाणी. दोनदा वाजला तर भांडं. तीनदा वाजला तर दुखतंय.

टण्. टण्.

घशाच्या आजारानं जानकीबाईंचा आवाज गेला, तेव्हा मायलेकींनी मिळून ठरवलेल्या या तीन खुणा. जन्मभर मालवणी हेल काढून चाळ डोक्यावर घेणारी बाई आता चमच्यानं बोलत होती. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, आता घरी न्या. घरी न्या म्हणजे काय, ते क्षमाला त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. आजचं दुखणं उद्याच्याहून बरं होतं, एवढं तिला रोज कळत होतं. गोळी पाण्यात विरघळवून चमच्यानं घातली, तर अर्धी बाहेर येई. पाठीला, माकडहाडापाशी, आठ आण्याएवढं लाल झालं होतं.

टेलिफोन खात्यातली क्षमाची बिनपगारी रजा सोमवारी संपत होती. नवऱ्याची, नंदकुमारची, दुसरी पाळी, तो घरी यायचा तो झोपायलाच. केतकी पाच वर्षांची. जानकीबाईंना क्षमाखेरीज कुणी नव्हतं. त्यांचा नवरा, लवू पराडकर, गिरणीतून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच वर्षी गेला. आई लेकीच्या घरी राहते, एवढ्यानंही मुलुंडच्या त्या इमारतीत कुजबुज होती. आणि आता ही आईला बाहेर ठेवायला निघाली. शेजारच्या वसुधावहिनी जिन्यात म्हणाल्या होत्या, "बघ बाई, तुझ्या जिवाला पटत असेल तर." असं म्हटलं की काही म्हटल्यासारखंही होत नाही आणि काही म्हणायचं राहतही नाही.

म्हणून क्षमानं पारखून घ्यायचं ठरवलं. ओळखीच्या डॉक्टरांनी पूर्वेला, मिठागरांच्या कडेला असलेल्या एका घराचं नाव सुचवलं होतं. बऱ्या न होणाऱ्या माणसांना तिथं शेवटपर्यंत सांभाळतात. चार वर्षांपूर्वी कुठल्याशा धर्मादाय न्यासानं जुनी बैठी इमारत घेऊन ते सुरू केलं होतं. केतकीच्या वहीच्या मागच्या पानावर क्षमानं प्रश्न लिहून काढले. चादरी किती दिवसांनी. रात्री जागं कोण. दुखण्याचं इंजेक्शन कोण देतं. कूस कोण बदलतं. वास.

शनिवारी वसुधावहिनींना दोन तास आईपाशी बसवून ती केतकीला घेऊन निघाली. स्टेशनचा पूल उतरून रिक्षा केली. घरं विरळ झाली आणि उजाड, खारट उजेड सुरू झाला. वाफ्यांच्या कडेनं मिठाचे पांढरे ढीग लागले होते. केतकी म्हणाली, "आई, केवढी साखर." क्षमा हसली. आपणही कधीतरी असंच म्हटलं होतं असं तिला वाटलं. पण लहानपण परळच्या चाळीत गेलं, तिथं कुठलं आलंय मीठ.

हिरव्या काठाचं पांढरं लुगडं नेसलेली एक पन्नाशीची बाई ओट्यावर उभी होती. तिचं नाव सुंदराबाई, सगळी देखभाल तिच्याकडे. बोटं मिठानं चिरल्यासारखी, पण नखं स्वच्छ. क्षमानं आल्याआल्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एका म्हातारबाबांचं पांघरूण सरकवून टाचा पाहिल्या. माणूस कसा सांभाळलाय ते टाचा सांगतात, असं डॉक्टर म्हणाले होते. टाचा लहान मुलासारख्या मऊ होत्या. गाद्यांखाली हात घातला. कोरड्या. माठ हुंगला, मोरी पाहिली, इंजेक्शनचा कागद वाचला. सगळीकडे तिनं बरोबरच्या खुणा केल्या.

वास नव्हता. फिनेलचाही नाही. फक्त समुद्राचा.

मग तिच्या लक्षात आलं की इथं कुणी हाक मारत नाही. चौदा माणसं होती, सगळी शेवटाला आलेली. पण कण्हणं नाही, घंटी नाही. एका खाटेवरच्या बाईनं ओठ हलवायच्या आत सुंदराबाईनं तिच्या तोंडाशी पाणी धरलं होतं. क्षमानं विचारलं, तुम्हाला कसं कळतं. सुंदराबाई म्हणाली, इथं प्रत्येकाच्या सवयी वहीत लिहून ठेवतात. कोण कुठल्या कुशीला झोपतं, कुणाला कशाची भीती वाटते. घरच्या लोकांना विचारून.

"पण मोठ्यांना नाही विचारत आम्ही," ती केतकीकडे बघत म्हणाली. "मोठी माणसं चांगलं चांगलं सांगतात. लहान पोरं खरं ते सांगतात."

क्षमाला ते फार पटलं. तिनं वहीत तेही टिपून घेतलं.

खिडकीशी दोन खाटा रिकाम्या होत्या. एकीवरची गादी गुंडाळून ठेवलेली, दुसरी तयार. "ही तुमच्या आईची," सुंदराबाई म्हणाली. खाटेचं पायथं भिंतीला टेकवलेलं होतं. उशीच्या जागी जुन्या लुगड्याची घडी होती. उशाशी पेला नव्हता, तांब्या होता. क्षमा बघत राहिली. जानकीबाईंना पायाशी भिंत लागे, उशी त्यांनी कधी घेतली नाही, पाणी तांब्यातूनच पीत. अजून तिनं आईचं नावही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कळवलं असेल. कोकणातली म्हातारी म्हटल्यावर असंच लागणार, अशीही तिनं मनाची समजूत घातली. खाटेच्या डाव्या कठड्याला चिंधीची एक सुरळी बांधलेली होती, अंगठ्याएवढी जाड. ती कशासाठी, ते कळेना. विचारायचं राहून गेलं.

रविवारी दुपारी, न सांगता, ती एकटीच पुन्हा जाऊन आली. अशा वेळी नोकरमाणसं पेंगतात. कुणी पेंगत नव्हतं. सुंदराबाई ओट्यावर उभी होती, आणि हातात पाण्याचा तांब्या होता. क्षमाला तहान लागली होती.

सोमवारी रजा संपली. मंगळवारी सकाळी तिनं खाडा केला, नंदकुमारनं सासूला उचलून टॅक्सीत ठेवलं. जानकीबाईंनी वाटी आणि चमचा पदराखाली धरला होता. पुलापलीकडे जाईपर्यंत त्या शांत होत्या. मिठाचे ढीग दिसले आणि चमचा सुरू झाला. टण् टण् टण्. थांबून पुन्हा टण् टण् टण्.

"दुखतंय का आई? पोचलोच हं आता," क्षमा म्हणत होती.

जानकीबाईंनी मान हलवली. होकार की नकार, हलत्या टॅक्सीत कळलं नाही. ओट्यावर सुंदराबाईला पाहताच त्यांनी क्षमाचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं वाटी बडवत राहिल्या, तीन-तीनदा, वाटीला पोचा पडेपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. क्षमा रडत म्हणाली, "त्यांना फार दुखतंय हो, आधी इंजेक्शन द्या."

इंजेक्शन दिलं. हात सैल झाला. चमचा सुंदराबाईनं अलगद काढून घेतला. म्हणाली, इथं याची गरज पडत नाही.

त्या रात्री कित्येक महिन्यांनी क्षमा सलग झोपली, आणि सकाळी त्याचीच तिला लाज वाटली.

शनिवारी ती केतकीला घेऊन भेटायला गेली. आई स्वच्छ होती, केस विंचरलेले. पाठीचा लाल डाग फिकटला होता. चेहऱ्यावर दुखण्याची रेघ नव्हती. आई झोपली होती, आणि झोपेत डाव्या हातानं ती चिंधीची सुरळी घट्ट धरून होती.

क्षमाच्या हातातली मोसंबी खाटेवरच राहिली.

लहानपणी, वडिलांची रात्रपाळी असली की, तिची आई अंधाराला घाबरायची. एवढी मोठी बाई, पण शेजारी झोपलेल्या क्षमाचा अंगठा धरल्याखेरीज तिला झोप येत नसे. सगळ्यांना वाटे, पोर आईला धरून झोपते. खरं दोघींनाच ठाऊक होतं. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. नंदकुमारला ठाऊक नव्हतं. आईला आवाज नव्हता, लिहिता येत नव्हतं.

"सुंदराबाई, आईच्या सवयी तुम्हाला कुणी सांगितल्या?"

"वहीत आहे ना."

"मला बघायचीय."

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. ऑफिसच्या खोलीतलं फडताळ उघडून एक लांबट, कापडी बांधणीची वही टेबलावर ठेवली. मग केतकीचा हात धरला. "चल गं बाय, तुला साखर दाखवते." दोघी बाहेर गेल्या.

कागद पिवळा पडला होता. वर नाव होतं, जानकी लवू पराडकर. खाली बारीक, सरळ अक्षरात एकेक ओळ.

पायाला भिंत लागली तरच आई झोपते.

आई उशी घेत नाही, लुगड्याची घडी घेते.

पेल्यातलं पाणी पीत नाही.

आई घाबरली की माझा अंगठा धरते. मी नाही तिचा धरत.

त्याखाली लिहिलं होतं : सांगणार, मुलगी क्षमा, वय पाच. माघ, सन १९६१.

बाहेर वाफ्यांवर ऊन लखलखत होतं. क्षमा उभी होती ती खुर्चीत बसली. हे घर चार वर्षांचं. तिनं स्वतः विचारून लिहून घेतलं होतं, चार वर्षं. आणि तिला आठवायला लागलं. आजी, वडिलांची आई, फार आजारी होती. आजीसाठी जागा बघायला आई क्षमाला घेऊन कुठंतरी लांब गेली होती. पांढरे ढीग होते. आई आत होती, आणि एका बाईनं क्षमाला ओट्यावर बसवलं. साखर म्हणून एक खडा तिच्या जिभेवर ठेवला. तो खारट होता. हिरवा काठ होता. ती बाई फार गोड बोलत होती, आणि तिला सगळं ऐकायचं होतं.

आईनं बाहेर येऊन ते पाहिलं होतं. त्या दिवशी आईनं तिला आयुष्यात पहिल्यांदा मारलं. का मारलं, ते कधीच सांगितलं नाही.

टॅक्सीतला चमचा तिला पुन्हा ऐकू आला. टण् टण् टण्. पाण्याची खूण होती. भांड्याची होती. दुखण्याची होती. इथून घेऊन चल, अशी खूण दोघींनी ठरवलीच नव्हती.

ती ओट्यावर धावली. ओटा रिकामा होता.

ढिगांपाशी कुणी नव्हतं.

ती परत आत वळली. म्हातारबाबा झोपले होते. सगळेच झोपले होते. कुणी कण्हत नव्हतं. खिडकीशी आई झोपली होती.

शेजारच्या खाटेवरची गुंडाळलेली गादी उलगडलेली होती.

सुंदराबाई वाकून चादर खोचत होती. एकच बाजू खोचली, दुसरी मोकळी ठेवली. क्षमाला एक पाय पांघरुणाबाहेर लागतो. कोपऱ्यातल्या मोरीचा नळ बारीक सोडलेला होता. क्षमाला रडायचं असलं की ती नळ सोडते, म्हणजे घरात कुणाला ऐकू जात नाही.

खाटेच्या कठड्याला काळ्या लोकरीची एक छोटी वेणी बांधलेली होती. तिच्या टोकाला लाल रिबीन. रात्री झोपताना क्षमा केतकीची वेणी मुठीत धरते. गेल्या महिन्यापासून, रोज.

स्टुलावर केतकी पाय हलवत बसली होती. तिच्या ओठाला पांढरा कण चिकटला होता. तिची एक वेणी नीट होती, दुसरी सुटून खांद्यावर आली होती.

"मी मावशीला सगळं खरं खरं सांगितलं," ती म्हणाली. मग सुटलेले केस हातात धरून तिनं आधी खाटेकडे पाहिलं, नंतर क्षमाकडे.

"आई, तू इथं झोपायला आलीस की माझी वेणी कोण घालणार?"