एकाच साच्यातल्या तबकड्या

माझ्या भाचीला जुळी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. आम्ही दोघं बहीणभाऊ गाण्यांच्या तबकड्यांच्या कारखान्यात होतो. काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा यंत्रात दोन साच्यांमध्ये दाबला की तबकडी निघते. तिच्या कडेनं बाहेर आलेलं जादा प्लास्टिक कापणं माझं काम. दर पन्नासावी तबकडी हेडफोन लावून पूर्ण ऐकणं भावाचं. सगळे त्याला कानसेन म्हणत.

"गाणं कसं होतं रे?" विचारलं की म्हणायचा, "अक्का, मी गाणं कुठं ऐकतो? मी खरखर ऐकतो."

मला अक्षरं त्यानंच शिकवली, माझ्या पन्नाशीत, जेवणाच्या सुट्टीत, लेबलांवर बोट ठेवून.

त्या वर्षी दोन हजारांची एक ऑर्डर आली. वेष्टनावर बर्फातला किल्ला, भाले घेतलेलं सैन्य आणि जबडा उघडलेला ड्रॅगन. चितारणाऱ्यानं त्याच्या दातांमधली लाळसुद्धा सोडली नव्हती. ते चित्र मी टेबलावर पालथं घालून ठेवायची.

त्या मालाची मला पहिल्याच दिवशी शिसारी आली. एरवी काठ कटकन तुटतो. हा ताणला जायचा, नखाजवळची ओली कातडी ओढावी तसा. बोटं बुळबुळीत व्हायची. वास प्लास्टिकचा नव्हता, सकाळच्या न धुतलेल्या तोंडाचा होता. कापलेल्या पट्ट्यांनी भरलेलं पिंप दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट लागलं. फोरमननं त्यात हात घालून पाहिला.

"काही नाही मावशी, माल वेगळा आलाय," तो म्हणाला, आणि बराच वेळ हात पँटला पुसत राहिला.

भाऊ पहिली तबकडी ऐकून खोलीबाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"अक्का, याला पॉवर मेटल म्हणतात. घोडे उधळावेत तसे ड्रम, मागं सगळी व्हायोलिनं, आणि त्यावर शे-दीडशे माणसं एका सुरात. हरलेला राजा आपल्या माणसांना परत बोलावतो गं."

"आणि खरखर?"

"खरखर ऐकायची राहिलीच बघ."

तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आता तो पन्नासावीच नव्हे, हाताला लागेल ती ऐकायला लागला. दुसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज बसला.

"कानसेन, बायकोनं शेवटी गप्प केलं वाटतं!" फोरमन म्हणाला. भाऊ हसला. तोंडातून नुसती हवा आली.

भाचीचा फोन आला तर नातवंडांना हाक मारता येईना. तो फोन तोंडाशी धरून ओठ हलवत राहिला. पलीकडे भाची "बाबा? बाबा?" करत होती.

एका दुपारी त्यानं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. अकराशेवी तबकडी होती. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. मी नाक मुरडून बसले होते. दुसऱ्याच मिनिटाला छाती भरून आली. मीही त्या घोड्यांमध्ये होते. माझ्या साठ वर्षांत कोणी माझ्यासाठी दार उघडं ठेवून वाट बघितली नव्हती. तिथं एक प्रचंड दार उघडं होतं आणि सगळे माझीच वाट बघत होते.

मग त्या दीडशे आवाजांत, खालच्या सुरात, माझा भाऊ गायला लागला.

चूक शक्यच नव्हती. कडव्याआधी घसा साफ करायची त्याची लकबसुद्धा होती. मी पन्नासावी तबकडी काढून लावली. तिच्यात तो नव्हता. सहाशेवीत होता, अगदी पुसट.

फोरमनला सांगितलं. "साचा एकच आहे, मावशी. पहिलीत आणि शेवटचीत फरक कसा पडेल?"

"तेच मी तुला विचारतेय."

त्यानं भावाला रजेवर घरी पाठवलं आणि यंत्र चालू ठेवलं.

डॉक्टर घरी आले. टॉर्चचा उजेड पाडून म्हणाले, घसा साफ आहे. मग वाकून पुन्हा बघितलं. "जिभेला काय लागलंय?"

मीही पाहिलं. जीभ काळपट, चकचकीत झाली होती आणि तिच्यावर केसाएवढ्या बारीक, गोल गोल रेषा होत्या. तोंडाला पिंपाचा वास येत होता. मी मोरीत जाऊन ओकले.

भावानं पाटीवर लिहिलं, "आत खूप जागा आहे, अक्का." अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

बुधवारी मी कामावर गेले. सोळाशे तबकड्या झाल्या होत्या. त्यानंतरची एक लावून पाहिली. आता तो सगळ्यांच्या पुढं उभा राहून गात होता. मागचे आवाज पुसट झाले होते.

फोरमन चहाला गेला होता. मी यंत्र बंद केलं.

साचा म्हणजे कागदासारखा पातळ पत्रा. त्या गाण्याच्या बाजूचा उतरवला. गरम नव्हता, अंगाएवढाच उबदार होता.

पत्र्याची कात्री घेतली.

पत्रा कापल्याचा आवाज आला नाही. कात्री मऊ, ओली आत गेली. मी डोळे मिटले आणि मधल्या भोकापर्यंत कापत गेले.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

हात धुऊन घरी फोन केला. भावजयीनं उचलला.

"वन्सं, आत्ता बोलले हो ते! एवढ्या दिवसांनी, चांगलं खणखणीत."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, 'अक्का, कापू नकोस.' आणि लगेच डोळा लागला त्यांचा."

माझा धाकटा भाऊ त्याच बुधवारी सव्वाअकरा वाजता गेला. जुळ्यांना तेव्हा सात आठवडे झाले होते.