साठावं टिंब

होबार्टच्या धक्क्याजवळच्या त्या छोट्या ऑफिसात, नोकरीच्या पहिल्याच सकाळी टॅम्सिनच्या स्क्रीनवर प्रोग्रामची टेस्ट फसल्याची लाल अक्षरं उमटली. तिने टेस्ट पुन्हा चालवली. पुन्हा लाल.

"अगं, सर्व्हर अजून उठलाच नाही," समोरच्या टेबलावरून आवाज आला. "तू दार वाजवतेस आणि पळून जातेस."

तिने मान वर केली. विस्कटलेले तांबूस केस, लोकरीचा जाड स्वेटर... आणि ते हसू. हा लॅकलन.

"मग काय दारात बसून राहू?"

"बस की!"

दुपारपर्यंत त्याने सगळ्यांसाठी एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. ती सर्व्हर सुरू करायची आणि दर सेकंदाला त्याला विचारायची – उठलास का? उत्तर नाही आलं की स्क्रीनवर एक टिंब. आलं की टेस्ट सुरू. इतरांचं काम चार-पाच टिंबांत व्हायचं. टॅम्सिनच्या वाट्याला मात्र ऑफिसातला सर्वांत म्हातारा लॅपटॉप आला होता. पंचवीस टिंबं झाली की ती वैतागून सगळं बंद करायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कसंबसं जमायचं.

"तुला धीर म्हणून नाही," लॅकलन म्हणायचा.

"आईला विचार माझ्या. सातव्या महिन्यातच जन्मले मी! आणि लॅकी, तुझ्या स्क्रिप्टला मर्यादाच नाही. सर्व्हर उठलाच नाही, तर ही बया जन्मभर विचारत बसेल. विसरलास ना?"

तो स्वेटरची बाही ओढत राहिला. "असेल... विसरलो असेन."

मार्चचा नोव्हेंबर झाला. प्रत्येक गोष्टीत घाई करणारी टॅम्सिन एकाच गोष्टीत दिरंगाई करत होती. रोज ठरवायची, आज लॅकीला मनातलं सांगू. रोज त्याला बाही ओढताना पाहायची आणि कामाचंच काहीतरी विचारायची.

एका सकाळी साहेबीण ब्रॉन्विन केक घेऊनच आत आली. "ऐका रे! आपला लॅकी उद्या अंटार्क्टिकाला चाललाय. तिथल्या संशोधन तळावरच्या संगणकवाल्याने पाय मोडून घेतलाय, त्याच्या जागी. पंधरा महिने!"

उद्या? टॅम्सिनने नुकतीच स्क्रिप्ट सुरू केली होती. ती तशीच सोडून उठली, केकचा तुकडा घेतला. गोड लागला की खारट, कळलं नाही.

परत आली, तर टिंबांच्या लांबलचक रांगेखाली चार ओळी उमटल्या होत्या.

'टॅम्सिन, तूच ना? साठावं टिंब तुझ्याशिवाय कोणाला दिसणार? समोर आलीस की हे सांगताना माझी जीभ अडखळते, म्हणून इथे लिहितो. मला तू फार आवडतेस. उत्तराची घाई नाही.'

तिने डोळे चोळले. ओळी तिथेच होत्या. स्क्रिप्टमध्ये कोणी कधी काय लिहिलं, याची नोंद असतेच. तिने ती उघडली – मार्च! तिचा पहिलाच आठवडा!

लॅकलन खोक्यात आपला मग ठेवत होता. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याचे कान लालबुंद झाले.

"आज... आज थांबलीस?"

"केक खायला गेले होते!" ती म्हणाली. "आठ महिने, लॅकी? आणि मी पंचविसाच्या पुढे कधी गेलेच नसते तर?"

"म्हणून तर मर्यादा घातली नव्हती."

ती त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली. मागे लॅपटॉपवर टेस्ट एकामागून एक हिरव्या होत होत्या. तिचं लक्षही नव्हतं.

"पंधरा महिने, टॅम," तो हळूच म्हणाला. "आणि तुला तर धीर..."

"नाहीच मला धीर." तिने त्याची बाही घट्ट धरली. "पण दार वाजवून पळून जाणं आज सोडलं मी."

दुसऱ्या दिवशी नारिंगी जहाज धक्क्यापासून सुटलं. डेकवरून त्याने हवेत बोट टेकवून एक टिंब काढलं.

धक्क्यावरून तिने दुसरं काढलं.